ताशी १२६ मैल: वाफेच्या इंजिनांचे विक्रम आणि त्यांची साक्ष

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका परिचितांनी मला विचारलं, "अहो, वाफेची इंजिनं जाऊन इतकी वर्षं झाली, आता त्यांच्या वेगाची मोजदाद कशाला?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की, मला आज वेगाबद्दल थोडं आणि मोजदादीबद्दल जास्त बोलायचं आहे.

इंग्लंडमध्ये यॉर्क शहरात राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. तिथे एक निळं, निमुळत्या तोंडाचं इंजिन उभं आहे. नाव 'मॅलार्ड'. मॅलार्ड म्हणजे एक रानबदक. त्याच्या अंगावर एक छोटी पाटी आहे. त्या पाटीचा मथितार्थ असा की, ३ जुलै १९३८ रोजी या इंजिनाने ताशी १२६ मैल, म्हणजे साधारण २०३ किलोमीटर वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनांचा जागतिक विक्रम केला. हा विक्रम आजही कायम आहे. पण ही पाटी बसवली १९४८ मध्ये, धावेनंतर दहा वर्षांनी. ज्या माणसाने हे इंजिन घडवलं, तो नायजेल ग्रेस्ली तोवर हयात नव्हता, आणि १२६ हा आकडा त्याला स्वतःला पटलेला नव्हता. म्हणजे इंजिन ज्याचं, तोच म्हणतो एक मैल कमी धरा, आणि पाटी म्हणते एक मैल जास्त! हा एक मैल आला कुठून, हे समजून घ्यायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

इंजिनांची पहिली मोठी शर्यत झाली ऑक्टोबर १८२९ मध्ये, लिव्हरपूलजवळ रेनहिल इथे. लिव्हरपूल ते मँचेस्टर असा नवा लोहमार्ग तयार होत होता. त्यावर गाड्या कशाने ओढायच्या, हे कंपनीचं ठरत नव्हतं. म्हणून पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं आणि तीन परीक्षक नेमले. वजन किती ओढायचं, किती फेऱ्या मारायच्या, सगळं नियमाने ठरवलं. जिंकलं ते स्टीफन्सन पितापुत्रांचं 'रॉकेट'. त्याचा सर्वाधिक वेग होता ताशी तीसेक मैल. आज आपल्याला हसू येईल, पण तोवर माणसाने घोड्यावर बसल्याशिवाय असा वेग पाहिलाच नव्हता. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की, त्या पहिल्या शर्यतीत इंजिन वेगळं, मालक वेगळा आणि घड्याळ धरणारा वेगळा होता.

(जाता जाता सांगतो, या स्टीफन्सनांपैकी मुलगा, रॉबर्ट, पुढे आपल्या जीआयपी रेल्वेचा सल्लागार अभियंता झाला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, त्यामागे हे नाव आहे.)

पुढच्या साठ-सत्तर वर्षांत इंजिनं झपाट्याने सुधारली, पण ही परीक्षकांची शिस्त मात्र सैल झाली. वेग ही जाहिरातीची गोष्ट झाली. अमेरिकेचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क सेंट्रल कंपनीचं ९९९ क्रमांकाचं इंजिन. १० मे १८९३ रोजी 'एम्पायर स्टेट एक्सप्रेस' ओढताना त्याने एक मैल ३२ सेकंदांत कापला, असं जाहीर झालं. हिशोब सोपा आहे. तासाचे ३६०० सेकंद, भागिले ३२. आला ताशी साडेएकशे बारा मैल. देशभर डंका वाजला. शिकागोला त्या वर्षी मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथे इंजिन मांडलं गेलं. पण मोजलं कोणी? गाडीतल्याच माणसांनी, हातातल्या घड्याळावर. त्यामुळे इतिहासकार हा आकडा आजही मानत नाहीत.

आता इंग्लंडमध्ये येऊ. साल १९०४. अमेरिकेहून येणारी मोठी जहाजं प्लिमथ बंदरात टपाल आणि प्रवासी उतरवत. तिथून लंडनला आधी कोण पोचवतं, यावरून दोन रेल्वे कंपन्यांमध्ये चुरस होती. ९ मे १९०४ रोजी ग्रेट वेस्टर्न कंपनीचं 'सिटी ऑफ ट्रुरो' हे इंजिन टपालाची गाडी घेऊन निघालं. गाडीत चार्ल्स रूस-मार्टेन नावाचे एक पत्रकार स्टॉपवॉच घेऊन बसले होते. सॉमरसेटमध्ये वेलिंग्टनचा उतार लागला. तिथे रुळाच्या कडेला दर पाव मैलाला खूण होती. अशाच एका पाव मैलाला त्यांच्या घड्याळाने ८.८ सेकंद दाखवले. म्हणजे ताशी १०२.३ मैल. वाफेच्या इंजिनाने शंभरी ओलांडली!

बरं, आता जरा बारकाईने पाहू. त्या काळच्या स्टॉपवॉचचा काटा सेकंदाच्या पाचव्या भागाने पुढे सरकायचा. म्हणजे ८.८ नंतर थेट ९. घड्याळाने ९ दाखवले असते तर वेग झाला असता बरोबर शंभर. ९.२ दाखवले असते तर ९७.८. म्हणजे डोळ्याने खूण पाहायची, अंगठ्याने कळ दाबायची, यात पापणी लवण्याइतका उशीर झाला, तर शंभरीच नाहीशी होते. रूस-मार्टेन अनुभवी होते, प्रामाणिक होते, त्याबद्दल वाद नाही. पण घड्याळ हातातलंच होतं. शिवाय उताराच्या खाली रुळावर काम करणारी माणसं दिसली, म्हणून ड्रायव्हरने ब्रेक लावला. तेव्हा पडताळा घ्यायला पुढचा टप्पाही मिळाला नाही.

यात आणखी एक गंमत आहे. एरवी कंपन्या जे मिरवतात, ते या कंपनीने लपवलं! प्रवासी घाबरतील म्हणून सर्वाधिक वेगाचा आकडा त्यांनी तेव्हा छापू दिला नाही. कंपनीने तो उघडपणे मांडला १९२२ मध्ये. आणि ही भीती अगदीच पोकळ नव्हती. १ जुलै १९०६ च्या रात्री त्याच प्लिमथहून लंडनला निघालेली प्रतिस्पर्धी कंपनीची बोटगाडी सॉल्सबरी स्टेशनच्या वळणावर रुळावरून उलटली. ताशी ३० मैलांची मर्यादा असलेल्या वळणावर ती दुपटीहून जास्त वेगाने आली होती. २८ माणसं गेली. वेग मोजण्याची चूक झाली तर फार तर आकडा चुकतो. वेग सांभाळण्याची चूक झाली तर काय होतं, ते हे.

तर मग प्रश्न असा, की माणसाच्या अंगठ्यावर विसंबायचं नसेल तर कशावर विसंबायचं? उत्तर होतं एका डब्यात. त्याचं नाव डायनॅमोमीटर कार. दिसायला साधा प्रवासी डबा. हा डबा इंजिनाच्या लगेच मागे जोडायचा. त्याच्या खाली एक जास्तीचं चाक असतं. ते गाडीचं वजन उचलत नाही, फक्त रुळावर टेकून फिरतं. गाडी जितकी पुढे जाईल तितका आत एक कागदाचा लांब गुंडाळा पुढे सरकतो. कागदावर लेखण्या टेकलेल्या असतात. एक लेखणी घड्याळाचे ठोके नोंदवते, एक इंजिन किती जोराने ओढतंय ते नोंदवते. म्हणजे अंतर, वेळ आणि ओढ, तिन्ही एकाच कागदावर शेजारी शेजारी. मागाहून कोणीही पट्टी लावून तपासावं. दवाखान्यात ईसीजीचा कागद निघतो ना, त्याचाच हा थोरला भाऊ म्हणा.

३० नोव्हेंबर १९३४ रोजी 'फ्लाइंग स्कॉट्समन' हे इंजिन लीड्सहून लंडनला येत होतं. मागे हा डबा होता. लिटल बायथॅम गावाजवळच्या उतारावर कागदाने ताशी १०० मैल नोंदवले. १०२ नाही, ११२ नाही, शंभर. आकडा जुन्या दाव्यांपेक्षा लहान, पण निर्विवाद शंभरीचा मान या इंजिनाला मिळाला. कारण या शंभराच्या मागे कागद होता.

आता चित्रात जर्मनी येतं. १९३३ पासून बर्लिन ते हॅम्बुर्ग मार्गावर एक डिझेल गाडी धावू लागली, 'फ्लिगेंडर हॅम्बुर्गर'. कमाल वेग ताशी १६० किलोमीटर. ग्रेस्ली स्वतः जाऊन त्या गाडीतून प्रवास करून आला. लंडन ते न्यूकॅसल या आपल्या मार्गावर अशी गाडी चालवली तर किती वेळ लागेल, याचा हिशोब जर्मनांकडून मागवला. तो हिशोब पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की एवढा वेग तर आपलं वाफेचं इंजिनही देईल, आणि पूर्ण सोयींचे डबे ओढून देईल. मार्च १९३५ मध्ये त्याने 'पॅपिरस' हे जुनंच इंजिन धावडवून पाहिलं. १०८ मैल वेग मिळाला. मग काही महिन्यांत नवी इंजिनं तयार झाली, तोच तो निमुळता, वारा कापणारा आकार. सप्टेंबर १९३५ मध्ये 'सिल्व्हर लिंक'ने पहिल्याच जाहीर धावेत साडेएकशे बारा गाठले.

हा आकार निव्वळ शोभेचा नव्हता. वेग वाढला की हवेचा अडथळा वाढतो, आणि तो सरळ प्रमाणात वाढत नाही. हवेला ढकलायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. शंभराचे सव्वाशे मैल करायचे, म्हणजे वेग पाव पटीने वाढवायचा. पण हवेसाठी लागणारी शक्ती होते जवळपास दुप्पट. फायरमनने कितीही कोळसा टाकला तरी वाफ हवेशी भांडण्यातच संपते. म्हणून इंजिनाचं तोंड असं घासून निमुळतं केलं.

जर्मनांनी लगेच उत्तर दिलं. ११ मे १९३६ रोजी बोर्झिग कारखान्याचं '०५ ००२' हे इंजिन सुमारे दोनशे टनांची गाडी घेऊन ताशी २००.४ किलोमीटरने धावलं. मैलांत साडेएकशे चोवीस. हे लक्षात ठेवा, आणि हेही लक्षात ठेवा की ही धाव सपाट मार्गावरची होती. आपण याकडे परत येणार आहोत.

मध्ये एक किस्सा सांगितलाच पाहिजे. जून १९३७. ग्रेस्लीची प्रतिस्पर्धी कंपनी लंडन मिडलंड अँड स्कॉटिश. त्यांचं नवं इंजिन 'कॉरोनेशन', विल्यम स्टॅनियरने रचलेलं. पत्रकारांना घेऊन क्रू स्टेशनच्या दिशेने निघालं. विक्रम करायचाच, या ईर्षेने वेग इतका उशिरापर्यंत वाढवत नेला की स्टेशन अंगावर आलं. जिथे सांधे बदलताना ताशी २० मैलांची मर्यादा, तिथे गाडी ५७ मैलांनी शिरली! गाडी कशीबशी रुळावर राहिली, पण स्वयंपाकाच्या डब्यातल्या बशा-कपांचा चुरा झाला. (हशा) कंपनीने जाहीर केलं, ११४ मैल. गाडीतल्या जाणकारांची घड्याळं त्याहून थोडी कमी बोलत होती. ११४ का? कारण प्रतिस्पर्ध्याचा आकडा ११३ होता. एका मैलासाठी केवढी जोखीम घेतली गेली, पाहा.

आता येतो तो रविवार, ३ जुलै १९३८. कागदोपत्री ही ब्रेकची चाचणी होती. वेस्टिंगहाउस कंपनीची माणसंही गाडीत होती. परतीच्या प्रवासाआधी त्यांना खरा बेत सांगितला, आणि हवं तर टॅक्सीने जा म्हणाले. कुणीही उतरलं नाही. इंजिन मॅलार्ड, जेमतेम चार महिन्यांचं. मागे सहा डबे आणि डायनॅमोमीटर कार, मिळून २४० टन. ड्रायव्हर जो डडिंग्टन, वय एकसष्ट. फायरमन टॉमी ब्रे. डडिंग्टनने टोपी उलटी घातली आणि गाडी सोडली.

सुरुवात वाईटच झाली. ग्रँथमला रुळाचं काम चालू असल्यामुळे वेग पार खाली आणावा लागला. तरी स्टोकचा माथा त्याने ताशी ७५ मैलांनी ओलांडला, आणि मग उतार लागला. हा उतार म्हणजे आपल्या बोरघाटासारखा समजू नका. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट चढ आहे. इथे २०० फुटांना एक फूट, डोळ्याला जाणवतही नाही. पण त्या वेगाला तेवढा पुरे. दर मैलाला आकडा चढत गेला. शंभर, एकशे दहा, एकशे वीस. पुढे काहीशे यार्ड कागदाने १२५ नोंदवले, आणि एका ठिकाणी, क्षणभर, १२६.

यावेळी इंजिनाची मोठी चाकं मिनिटाला सुमारे ५३० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळपास नऊ वेळा फिरत होती. ही चाकं किती मोठी? ६ फूट ८ इंच, माझ्या डोक्यावरून जातील. या इंजिनाला तीन सिलिंडर. बाहेरच्या दोघांच्या झडपा आपापल्या यंत्रणेवर चालत, आणि मधल्याची झडप त्या दोघांच्या हालचालीतून, तरफांच्या साहाय्याने चाले. रचना सुटसुटीत, पण फार वेगात या तरफा थोड्या जास्त हलत आणि मधला सिलिंडर आपल्या वाट्याहून जास्त काम करू लागे. त्याचा भार यायचा मधल्या मोठ्या बेअरिंगवर. ते तापलं तर कळावं म्हणून आत बडीशेपेसारख्या उग्र वासाची कुपी ठेवलेली असे. विक्रमानंतर लगेच तो वास आला. डडिंग्टनने वेग उतरवला आणि पीटरबरोला इंजिन सोडवलं. लंडनला वार्ताहर नव्या विक्रमवीराची वाट पाहत होते, आणि गाडी आणली एका जुन्या इंजिनाने.

आता आपल्या एका मैलाकडे येऊ. ग्रेस्लीचं म्हणणं साधं होतं. क्षणभर उमटलेल्या टोकाला वेग म्हणायचं का? कागदावरची रेघ जिथे टिकली, तो वेग १२५. तेवढाच आपण सांगू. पुन्हा धाव घेऊन स्वच्छ आकडा मिळवायचा त्याचा विचार होता. पण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, आणि एप्रिल १९४१ मध्ये ग्रेस्ली वारला. पाटी लावणाऱ्यांनी मोठा आकडा निवडला. खोटा नाही, कागदावर आहे. पण त्याने निवडला नसता असा.

मला या माणसाचं मोठेपण तिथे वाटतं. दुसऱ्याचा दावा सगळेच तपासतात. आपल्याच विक्रमातला एक मैल कापायला वेगळी ताकद लागते. आणि तो कापता आला, कारण तपासायला कागद होता. अमेरिकेत पुढेही काही इंजिनांनी १३०-१४० मैल गाठल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. गाठलेही असतील. पण नोंद नाही, म्हणून इतिहासाला त्यांचं काही करता येत नाही.

आता प्रश्नोत्तरांकडे वळू.

प्रश्न: सर, जर्मन इंजिन सपाटीवर धावलं आणि मॅलार्ड उतारावर. मग खरं श्रेष्ठ कोण?

उत्तर: छान प्रश्न. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते याचसाठी. सर्वाधिक वेगाचा आकडा मॅलार्डचा. इंजिनाची ताकद म्हणाल तर जर्मन इंजिनाची कामगिरी जास्त अवघड, असं मला वाटतं. आणि रोजच्या चाकरीचं विचाराल तर तिसरंच नाव घ्यावं लागेल. अमेरिकेतली 'हायावाथा' गाडी. तिची वाफेची इंजिनं नेमाने, वेळापत्रकात बसवून, शंभर मैलांच्या वर पळत. एका टप्प्यात ७८ मैलांचं अंतर ५८ मिनिटांत, थांब्यापासून थांब्यापर्यंत. विक्रम एका दिवसाचा असतो. वेळापत्रक रोज पाळावं लागतं.

प्रश्न: आपल्याकडची इंजिनं या शर्यतीत कुठे होती?

उत्तर: नव्हती, आणि त्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडचं निमुळत्या नाकाचं डब्ल्यूपी इंजिन इथे अनेकांना आठवत असेल. ते आलं १९४७ मध्ये. त्याची चाकं ५ फूट ७ इंचांची, लांबलचक जड गाड्या ओढण्यासाठी केलेली. मुंबई-पुणे मार्ग तर १९२९ मध्येच विजेवर गेला होता, डेक्कन क्वीन सुरू होण्याआधी. पण एक धागा आहे. जुलै १९३७ मध्ये बिहारमध्ये बिहटा इथे एक्सप्रेस रुळावरून घसरली, शंभराहून जास्त माणसं गेली. पुढे हे असं का झालं, आपल्या रुळांवर ती इंजिनं वेगात का डोलतात, हे तपासायला एक समिती आली. तिच्यात एक सदस्य होता विल्यम स्टॅनियर. तोच, ज्याचं इंजिन त्याच वर्षी जून महिन्यात क्रू स्टेशनात ५७ मैलांनी शिरलं होतं. तिकडे कपबशा फुटल्या. इकडे माणसं गेली. इंजिन किती पळू शकतं याआधी रूळ किती सोसू शकतात हे मोजावं लागतं, आणि त्या मोजण्याला पाटी कोणी लावत नाही.

वेळ संपली आहे. यॉर्कला जाणं झालं तर मॅलार्ड जरूर पाहा. पण ती डायनॅमोमीटर कारही त्याच संग्रहालयाने जपली आहे. तीही शोधून पाहा.